बाणकरांचे चोवीस बाण

मी आयुष्यात एकूण चोवीस बाण केले. त्यांनी एकही हरीण मेलं नाही; नोकरी मात्र एक गेली, आणि ती माझीच होती.

तशी ती आधीच अंथरुणाला खिळलेली होती. रियाधमधली आमची कंपनी लोकांना हप्त्यावर गाड्या द्यायची, आणि मी सोळा वर्षं त्या हप्त्यांचा हिशेब बघत होतो. मग सौदीकरण आलं. सरकारने प्रत्येक कंपनीला रंग दिला. सौदी माणसं पुरेशी असतील तर हिरवा, कमी असतील तर पिवळा, त्याहून कमी असतील तर लाल. आमची कंपनी पिवळी होती, आणि तिची कावीळ उतरवायची म्हणून आम्हाला एकेक करून काढत होते. दर गुरुवारी कुणाच्या तरी निरोपाचा केक कापला जायचा. पुढेपुढे केकवर नाव घालणंही बंद झालं, कारण बेकरीवाला सांगायचा, ‘नाव कोरंच ठेवतो, तुमचा माणूस ऐनवेळी बदलतो.’

आमच्या बिल्डिंगमध्ये बारा भारतीय बिऱ्हाडं होती, त्यांतली चार उरली. जाणारं प्रत्येक बिऱ्हाड आपलं कढीपत्त्याचं रोप आमच्या दाराशी ठेवून जायचं. जिन्यात आठ कुंड्या झाल्या. सकाळी त्यांना पाणी घालताना मला स्मशानात शिंपण करत असल्यासारखं वाटायचं. (फोडणी मात्र त्या वर्षी फार चांगली व्हायची.)

ऑक्टोबरात माझं पत्र आलं. ‘डिसेंबरअखेर आपली जागा सौदी कर्मचाऱ्याकडे सोपवण्यात येईल. तोवर त्याला काम शिकवावे.’ पत्राखाली ‘आभार’ असंही होतं. मला नोकरीचं इतकं दुःख झालं नाही. अडचण वेगळी होती, माझी मुलगी रेवती दहावीला होती. बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये. नाव नववीतच इथल्या शाळेत नोंदलेलं, आता मध्येच सांगलीला जाऊन बसता येणार नाही. आणि माझा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, रद्द झाला की बायको-मुलीचाही त्याच क्षणी रद्द. थोडक्यात, मला तीन महिने हवे होते. फक्त तीन महिने! आणि ते देणं एकाच माणसाच्या सहीत होतं, आमचे खातेप्रमुख, म्हणजे मुदीर, अबू तुर्की.

अबू तुर्की मनाने वाईट नव्हते, पण त्यांचं मन ऑफिसात नसायचं. त्यांना धनुष्यबाणाने शिकार करायचा नाद होता. दरवर्षी नोव्हेंबरात ते आफ्रिकेत कुठल्याशा परवान्याच्या रानात जायचे, आणि परत आले की केबिनच्या भिंतीवर एक शिंगवालं मुंडकं वाढायचं. सहीसाठी त्यांच्यासमोर उभं राहिलं, की ती चार मुंडकी आपल्याकडे ‘तूसुद्धा का रे?’ अशा नजरेने बघायची.

माझा अर्ज घेऊन मी दोन आठवडे संधी शोधत होतो. ती लिफ्टमध्ये मिळाली. अबू तुर्कींनी माझ्या गळ्यातलं ओळखपत्र बोटाने सरळ केलं.

“बँकर? तू बँकेत होतास?”

“नाही मुदीर, बँकर नाही. बाण-कर. आडनाव आहे.”

“कबिल्याचं नाव? अर्थ काय त्याचा?”

आता आमचं मूळ गाव बाण. तीस उंबरे, एक पार, एक बंद पडलेली सोसायटी. बाणचा तो बाणकर, जसा साताऱ्याचा सातारकर. पण लिफ्ट चौदाव्या मजल्यावर जाणार होती, आणि माझ्याकडे इंग्रजी तेवढंच होतं. मी म्हणालो, “बाण म्हणजे ॲरो. कर म्हणजे... करणे.”

अबू तुर्कींचे डोळे विस्फारले. “तुझे पूर्वज बाण करायचे?”

इथे सज्जन माणसाने ‘नाही’ म्हणायचं असतं. मला डोळ्यांसमोर रेवतीचं हॉल तिकीट दिसलं. मी म्हणालो, “पिढ्यान् पिढ्या.”

दुसऱ्या दिवशी त्यांच्या ड्रायव्हरने माझ्या टेबलावर एक लांबट खोकं आणून ठेवलं. आत चोवीस बाण होते, कार्बनच्या काळ्या गुळगुळीत नळ्यांचे. उन्हाळाभर ते अबू तुर्कींच्या गाडीत राहिले होते, आणि रियाधच्या उन्हात त्यांची शेपटीची प्लॅस्टिकची पाती वाळल्या पापडासारखी वाकडी होऊन गळून पडली होती. नवे मागवलेले कस्टममध्ये अडकले होते. सोबत खऱ्या पिसांची दोन पाकिटं, डिंकाच्या चार बाटल्या, बाण पकडायचा एक चिमटा, आणि चिठ्ठी. ‘प्रत्येकाला तीन पिसं. नोव्हेंबरच्या आत. तुझ्या अर्जाबद्दल मग बोलू.’

घरी खोकं उघडलं तेव्हा मेधा, माझी बायको, कणीक मळत होती.

“हे काय?”

“बाण.”

“कशाला?”

“हरणं मारायला.”

तिने कणकेचा हात तसाच हवेत धरला. “अहो, मागच्या महिन्यात बाथरूममध्ये झुरळ निघालं, तेव्हा तुम्ही स्टुलावर चढून मला हाका मारत होतात.”

“मी कुठे मारणार आहे? मी फक्त शेपटीला पिसं लावणार.”

“आपल्या घरात अंडं येत नाही, आणि तुम्ही...”

“मेधा, तीन महिने मिळतील.”

तिने कणीक झाकून ठेवली. मग हात धुऊन आली आणि म्हणाली, “कुठली पिसं आधी?”

रेवती पुस्तकातून मान वर काढून म्हणाली, “पापा, दिस इज लिटरली मर्डर.”

“तू त्रिकोणमिती कर.”

“हरणाला पण फॅमिली असते!”

“असते ना. आपल्यालाही आहे. कर त्रिकोणमिती.”

काम दिसायला सोपं होतं. नळी चिमट्यात धरायची, पिसाच्या काडीला डिंक लावायचा, शेपटीशी टेकवायचं, मोजून तीस आकडे म्हणायचे, नळी फिरवायची, पुढचं पीस. तीन पिसं सारख्या अंतरावर बसली की बाण हवेत स्वतःभोवती फिरत सरळ जातो. मेधाचा हात रांगोळीचा, तिला हे दुसऱ्या बाणातच साधलं. माझा हात की-बोर्डचा. माझं पहिलं पीस नळीला सोडून टेबलक्लॉथला चिकटलं, दुसरं रेवतीच्या भूगोलाला. तेव्हा कामाची वाटणी अशी झाली, की मेधाने चिकटवायचं आणि मी ‘देखरेख’ करायची.

देखरेख हीच गोष्ट अंगाशी आली. दोन पाकिटांवर वेगवेगळी अक्षरं होती, एकावर डावं, एकावर उजवं. म्हणजे पक्ष्याच्या डाव्या पंखाची पिसं आणि उजव्या पंखाची. मेधा म्हणाली, “अहो, एका बाणाला एकाच पाकिटातली लावायची असतील. बघा, दोन्हींचा बाक उलटा आहे.”

मी हसलो. सोळा वर्षं हिशेब लिहिलेला माणूस! मी तिला समजावलं, “मेधा, जगात कुठलीही गोष्ट डावी-उजवी बाजू जुळल्याशिवाय सरळ चालत नाही. प्रत्येक बाणाला एक डावं, एक उजवं. तिसरं आलटून पालटून.”

“नक्की?”

“तू चिकटव. जबाबदारी माझी.”

(हे शेवटचं वाक्य तिने पुढे बऱ्याच लोकांना, बऱ्याच प्रसंगी, माझ्या आवाजात म्हणून दाखवलं आहे.)

दोन शुक्रवारांत चोवीस बाण तयार झाले. काय सुंदर दिसत होते! दोन पिसं काळी, एक लाल, जशी चिठ्ठीत खूण होती. तिसऱ्या शुक्रवारी अबू तुर्कींनी आम्हाला सहकुटुंब शहराबाहेरच्या त्यांच्या मजऱ्यावर, म्हणजे शेतावर, बोलावलं. खजुराची झाडं, गालिचा, गावा म्हणजे वेलदोड्याची कॉफी, सगळा थाट होता. पन्नास पावलांवर पेंढ्याचं हरीण उभं केलं होतं, आणि त्याच्या बरंच डावीकडे पाण्याची मोठी प्लॅस्टिकची टाकी होती. अबू तुर्कींच्या वडिलांनी ती बसवली होती, असं त्यांनी मला आवर्जून सांगितलं.

त्यांनी धनुष्य ओढलं. बाण सुटला. निम्म्या वाटेपर्यंत तो हरणाकडेच निघाला होता. मग त्याला काहीतरी आठवल्यासारखा तो डावीकडे वळला आणि टाकीत शिरला.

“वारा,” अबू तुर्की म्हणाले.

एक पान हलत नव्हतं.

दुसरा बाण. टाकीत, पहिल्याच्या वीतभर वर. आता टाकीला दोन धारा लागल्या. तिसरा उजवीकडे निघाला म्हणून मला जरा बरं वाटलं, पण तो जिथे खुंटीला त्यांच्या भावाचा नवा तंबू बांधला होता तिथे गेला. चौथा कुठे गेला ते आजतागायत कळलेलं नाही. मेधा माझ्याकडे बघत नव्हती. न बघता किती मोठ्याने बघता येतं, हे लग्न झालेल्यांनाच कळेल.

अबू तुर्कींनी पाचवा बाण हातात घेऊन पिसांवरून बोट फिरवलं. मग शांतपणे विचारलं, “या बाणकर, तुझ्या पूर्वजांनी नक्की कुणाला मारलं?” (अरबीत ‘या’ म्हणजे ‘अरे’.)

“ते फक्त करायचे, मुदीर. मारायचे दुसरे.”

“मग ते दुसरे उपाशी मेले असतील.” त्यांनी बाण माझ्या हातात दिला. “डावी आणि उजवी मिसळलीस. सगळी काढ. पुन्हा लाव. पुढच्या गुरुवारपर्यंत. नाहीतर खलास.”

खलास म्हणजे बाण, अर्ज, की मी, हे त्यांनी सांगितलं नाही.

शनिवारी दुपारी मी एकटाच बसलो. मेधाने मदत करायला नकार दिला नव्हता. मीच अभिमानाने म्हटलं होतं की चूक माझी, मी निस्तरेन. जुनी पिसं खरवडली, नवी घेतली, आणि वेळ वाचावा म्हणून डिंक थेंबाऐवजी धार धरून ओतला. उजवा अंगठा नळीला चिकटला. तो सोडवायला डावा हात लावला, तर तोही चिकटला. बाण छातीसमोर आडवा धरून मी बासरी वाजवायच्या बेतात असल्यासारखा बसलो. तशात दाराची बेल वाजली.

कोपराने दार उघडलं. शेजारचे बशीरभाई होते, श्रीवर्धनचे. त्यांचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं, वीस वर्षांचं. मोबाईलच्या दुकानात फक्त सौदी माणसंच हवीत असा हुकूम निघाला आणि दुकान एका आठवड्यात बंद झालं. पुढच्या मंगळवारी ते कायमचे जाणार होते. हातात अर्थातच कढीपत्त्याची कुंडी होती.

“काय रे बाबा, ह्ये काय करून बसलास?”

“चिकटलो, बशीरभाई.”

“तू चिकटलास! आम्ही इथे वीस वर्षं चिकटून बघितलं, आमचं काही चिकटलं नाय.” त्यांनी कुंडी खाली ठेवली. “ओढू नको. कातडी येईल. थांब.”

ते घरी जाऊन एक छोटी बाटली घेऊन आले. मोबाईलची काच सोडवायला दुकानात वापरायचे तो द्राव. बाटलीत शेवटचे चार थेंब उरले होते. कापसाने ते हळूहळू, एखाद्याचा महागडा फोन असावा तसा, माझा अंगठा सोडवत राहिले. सुटला तेव्हा म्हणाले, “झालं. ह्यो माझा रियाधमधला शेवटचा रिपेर.” मी हसायला गेलो आणि हसू आलं नाही. त्यांनाही आलं नाही. कुंडी जिन्यात नवव्या जागेवर ठेवून ते गेले.

अंगठा सुटला, पण कातडी सोलली होती. उरलेलं बोट शहाळ्यासारखं गुळगुळीत. आणि आमच्या ऑफिसात हजेरी अंगठ्याने लागायची! रविवारी सकाळी मी मशीनवर अंगठा ठेवला. मशीनमधली बाई अरबीत म्हणाली, “पुन्हा प्रयत्न करा.” मी केला. ती म्हणाली, “पुन्हा प्रयत्न करा.” मागे रांग लागली. अठरा वेळा त्या बाईने मला धीर दिला, इतका धीर मला त्या वर्षी कुणीच दिला नव्हता. रविवार, सोमवार, मंगळवार. तीन दिवस मी खुर्चीत बसून काम केलं आणि कागदावर गैरहजर राहिलो. तिसऱ्या संध्याकाळी मनुष्यबळ खात्याचा निरोप आला, की तीन दिवस न कळवता गायब असलेला माणूस पळून गेला असं धरलं जातं, तरी पळून गेलेल्या माणसाने उद्या नऊ वाजता भेटावं.

माझी पाचावर धारण बसली. ‘पळालेला’ असा शिक्का बसला की इकामा संपला, डिसेंबरसुद्धा मिळणार नाही.

मनुष्यबळ खात्यात अबीर नावाची नवी मुलगी आली होती. विशीतली, चष्म्यातली, अतिशय नम्र. तिच्यावर छाप पाडावी म्हणून मी अरबीतच बोलायचं ठरवलं, आणि लागणारे शब्द आदल्या दिवशी मोबाईलवर शोधून पाठ केले. बाणाला अरबीत सहम म्हणतात, अनेक बाण म्हणजे अस्हुम. शेअर बाजारातल्या शेअरलाही अरबीत सहम आणि अस्हुमच म्हणतात, हे मोबाईलने सांगितलं नाही. आणि मलाही सोळा वर्षांत कळलं नव्हतं, कारण माझा संबंध गाड्यांच्या हप्त्यांशी. शेअरची माणसं वरच्या मजल्यावर बसायची. त्या महिन्यात तर आमच्या कंपनीचेच शेअर बाजारात यायचे होते, आणि त्याबद्दल कुणी ब्र काढला तरी चौकशी होईल अशी पत्रकं भिंतीभिंतीला लागली होती. (अरबीत.)

“अंगठ्याला काय झालं?” अबीरने विचारलं.

“डिंक लागला. घरी अस्हुम करतो ना, त्याचा.”

तिचं पेन थांबलं. “अस्हुम? घरी?”

“सुट्टीच्या दिवशीच! ऑफिसच्या वेळेत कधीही नाही.”

“कुणासाठी?”

“अबू तुर्कींसाठी.”

“त्यांना हे माहीत आहे?”

“त्यांनीच दिले! म्हणाले, गुपचूप... म्हणजे घरी ने आणि नीट करून आण.” (‘गुपचूप’साठी वापरलेला शब्द मला ‘निवांत’ या अर्थी वाटला होता.)

“किती अस्हुम?”

“चोवीस.”

“चोवीस हजार?”

“छे हो! हजार करायला मला जन्म पुरणार नाही. चोवीसच.”

तिने लिहिलं. नंतर कळलं, ‘आकडा सांगायला टाळाटाळ’ असं लिहिलं.

“कशाचे?”

“कार्बनचे.”

“घरी आणखी कोणाला माहीत आहे?”

“बायकोला. मुख्य काम तीच करते, तिचा हात फार सफाईदार आहे. मुलीचा मात्र विरोध आहे, ती म्हणते हे पाप आहे.”

अबीरने माझ्याकडे दयेने बघितलं. “आणि हे वर जाणार, असं तुम्हाला कुणी सांगितलं?”

मी मान खाली घातली. “अजून तरी खालीच येतात. मागच्या शुक्रवारी त्यांच्या शेतावर बघितलं. पण चूक कळली आहे. येत्या गुरुवारपर्यंत सरळ जातील.”

“गुरुवारी.” तिने तो शब्द अधोरेखित केला. “आणि या सगळ्याच्या बदल्यात तुम्हाला काय मिळणार, मिस्टर बाणकर?”

इथे माझा बांध फुटला. मी अरबी सोडली आणि इंग्रजीत सगळं सांगून टाकलं. “मुलीची दहावी आहे हो. मार्चपर्यंतचा इकामा हवा. त्यांची एक सही मिळेल म्हणून केलं सगळं. माझ्यासाठी नाही केलं.” आणि मी रडलो. पन्नाशीचा माणूस, अंगठ्याला पट्टी, नव्या मुलीसमोर रडलो. तिने पाण्याचा ग्लास पुढे केला आणि कबुलीजबाबावर माझी सही घेतली. अंगठा उमटत नव्हता म्हणून.

गुरुवारी अबू तुर्कींच्या हातात बाणांऐवजी चौकशीचं पत्र पडलं. त्यांची रजा रद्द. आफ्रिका रद्द. सह्यांचे अधिकार चौकशी संपेपर्यंत काढून घेतलेले. म्हणजे मला हवी असलेली सही ज्या एकाच पेनातून येऊ शकत होती, त्या पेनाचं टोपण मीच बंद केलं होतं. लिफ्टमध्ये भेटले तेव्हा त्यांनी फक्त एवढंच विचारलं, “या बाणकर, तुझ्या कबिल्यातलं कुणी जिवंत उरलंय का?”

चौकशी समितीने ‘ते अस्हुम’ हजर करा म्हणून सांगितलं. मी चोवीसमधले सापडले तेवढे तेवीस बाण बॅडमिंटनच्या पिशवीतून घेऊन गेलो. खालच्या पहारेकऱ्याने टोकं बघितली आणि मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं. शेवटी समितीच खाली आली. तिघेही वयस्क, गंभीर. त्यांच्यातल्या सर्वांत म्हाताऱ्याने एक बाण हातात घेतला, पिसं बघितली, माझा कबुलीजबाब पुन्हा वाचला, आणि भिंतीला टेकून पोट धरून हसला. मी सुटलो असं मला वाटलं. पण तोंडी हसणं वेगळं आणि लेखी निर्दोष ठरणं वेगळं. फाईल उघडली होती, ती रीतसर बंद व्हायला हवी होती. आणि फाईल उघडी आहे तोवर, नियम असा, की संबंधित माणसाला देशाबाहेर पाठवायचं नाही आणि त्याचा इकामाही रद्द करायचा नाही.

मी हे घरी सांगितलं तेव्हा मेधाने देवापुढे साखर ठेवली. “म्हणजे चौकशी चालू तोवर आपण इथेच?”

“हो, पण मी संशयित आहे, मेधा! भिंतीवर नाव लागलंय माझं. कॉफीला कुणी शेजारी बसत नाही.”

“मग नका पिऊ कॉफी.”

“सोळा वर्षांची इभ्रत...”

“अहो, मार्चपर्यंत चोर राहा की! काय बिघडतं?”

बोलायला सोपं असतं. जानेवारीत माझ्या खुर्चीत नवा सौदी मुलगा बसला, आणि मला झेरॉक्स मशीनशेजारी एक टेबल मिळालं, काम काहीच नाही. येणारे-जाणारे हळू आवाजात बोलायचे. शुक्रवारी मराठी मंडळी जमली की मी आलो रे आलो, विषय हवापाण्यावर जायचा. सांगलीहून सासूबाईंनी फोन करून विचारलं, ‘जावईबापू, वकील लागेल का?’ माझ्यातला मराठी मध्यमवर्गीय हे सहन करू शकेना. मी मेधाला न सांगता चौकशी लवकर संपवावी म्हणून अर्ज लिहिला. नियमांच्या कलमांसह, तीन पानी. अबीरने तो दोन्ही हातांनी घेतला, मला कॉफी दिली, “इन्शाल्ला” म्हणाली. काहीच झालं नाही. मी दुसरा लिहिला, जरा कडक. मग तिसरा. घरात मुलगी नकाशे भरत होती आणि बाप तिला देशाबाहेर काढायचे अर्ज लिहीत होता! हे मला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं आणि तरी लिहीत होतो, याचीच मला आज लाज वाटते. पेपर सुरू झाले त्या आठवड्यात तर मी सातवा अर्ज दिला, त्यात ‘अन्यथा मी वरपर्यंत जाईन’ असं लाल शाईत होतं.

रेवतीचा शेवटचा पेपर मार्चमधल्या एका गुरुवारी झाला. “इट वॉज ओके, पापा,” एवढं म्हणून ती चौदा तास झोपली. रविवारी सकाळी अबीरने मला बोलावलं आणि दोन कागद पुढे केले. एक, मी निर्दोष. दुसरा, माझा फायनल एक्झिट, कायमचा जाण्याचा परवाना. दोन्हींवर तारीख तीच. मी पहिला कागद दोनदा वाचला, दुसरा वाचायला धजलो नाही.

मग तिने खण उघडून एक जाड लिफाफा काढला. आत माझे सातही अर्ज होते. कुणाचा शिक्का नाही, कुणाची खूण नाही, घड्यासुद्धा माझ्याच.

“हे पुढे गेले असते तर फाईल जानेवारीतच बंद झाली असती,” ती म्हणाली.

“मग तुम्ही... का?”

“मदाम मेधांचा फोन आला होता.”

“तिला माझ्या अर्जांबद्दल माहीत होतं? कधीपासून?”

“पहिल्या अर्जाच्या आदल्या दिवसापासून. त्या म्हणाल्या, उद्या माझे मिस्टर अर्ज घेऊन येतील. घ्या, त्यांना कॉफी द्या, आणि अर्ज खणात ठेवा. मुलीचा शेवटचा पेपर झाला की मी कळवते.” अबीर किंचित हसली. “माझेही वडील आहेत, मिस्टर बाणकर.”

सात वेळा मी ती कॉफी प्यालो होतो. सातही वेळा जिना उतरताना माझ्या इंग्रजीचा दरारा बसतोय या समाधानात होतो. मी सगळे अर्ज मोजून घेतले, आणि सवयीने ‘सात कागद मिळाले’ अशी पोच लिहून, खाली सही करून तिच्यापुढे ठेवली. तिने ती दोन्ही हातांनी घेतली, मला कॉफी हवी का विचारलं, आणि तोच खण पुन्हा उघडला.